बांधावरची राखण

इस्लामपूर, मळ्यातलं घर
४ फेब्रुवारी

रंगूआक्का,

नमस्कार लिहिते, पण तो वाकून केलेला समजू नका. मला वाकता येत नाही, म्हणून तर हे पत्र.

माझा उजवा गुडघा बदलायचं ठरलं आहे. सांगलीच्या दवाखान्यात, पुढच्या आठवड्यात. गावभर झालं आहे, तेव्हा आज ना उद्या ते लोणंदला तुमच्या कानावर येणार, आणि मग तुम्ही म्हणणार, धाकटीनं एवढं मोठं ऑपरेशन केलं आणि थोरल्या जावेला साधं कळवलं नाही. ते बोलणं मला नको, म्हणून कळवते. दुसरं कारण नाही. तुम्ही यावं असं माझं म्हणणं नाही. आपलं बोलणं का बंद आहे ते दोघींनाही ठाऊक आहे, आणि कुलूप तुमच्या दाराला होतं, माझ्या नव्हे.

ऑपरेशन खरं तर गेल्या महिन्यातच व्हायचं. पिशव्या भरल्या, देवाला नारळ ठेवला आणि आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, होणार नाही. का, तर लघवीत जंतू सापडला. मला हसूच आलं. दुखतोय गुडघा आणि तपासतात लघवी! पण डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, “आजी, हा जंतू रक्तातून फिरत फिरत नव्या गुडघ्यावर जाऊन बसतो. तिथं एकदा बसला की सहजी निघत नाही. कधी कधी बसवलेला गुडघा परत काढायला लागतो.” आक्का, त्या दिवसापासून मला गुडघ्याची काळजी राहिलेलीच नाही. लघवीची लागली आहे.

डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पिता? मी म्हटलं, भरपूर. खरं काय ते तुम्हाला माहीत आहे. आपल्यातल्या कुठल्या बाईनं दिवसाउजेडी पोटभर पाणी प्यायलं? उन्हातान्हात शेतात तण भांगलायला गेलो तरी ओठ ओले करायचे आणि तांब्या खाली ठेवायचा. प्यायलं तर जावं लागणार, आणि जायचं कुठं? दिवस मावळेपर्यंत धरून बसायचं. पुढं घरात संडास आले, फरश्या आल्या, पण ती सवय काही सुटली नाही. अजून एस.टी.त बसायचं तर मी सकाळपासून चहासुद्धा घेत नाही.

गोळ्यांचा कोर्स झाला. परवा पुन्हा तपासलं, आता जंतू नाही म्हणतात. म्हणजे ऑपरेशन होणार. प्रश्न राहिला सोबतीचा. विश्वजितला रजा मिळत नाही, सूनबाई त्याच्याबरोबर आसामला क्वार्टरात. राजेश्वरीनं रजा टाकली होती, ती मंजूरही झाली होती, पण पोलिसातल्या रजेचं काय सांगावं, बंदोबस्त निघाला आणि पोरगी सोलापूरला गेली. मग जावईबापू म्हणाले, “मामी, काळजी करू नगा. म्या थांबतो तुमच्यासंगं.”

माणूस फार चांगला आहे. तीच तर अडचण आहे. वाईट असता तर नको म्हणता आलं असतं. राजेश्वरीचं लग्न झाल्यापासून त्यांच्यासमोर माझ्या डोक्यावरचा पदर ढळलेला नाही. ते पुढच्या सोप्यात बसले की मी मागच्या दारानं ये-जा करते. त्यांच्यादेखत मी घासही खात नाही. आणि आता ते माझ्या खाटेशी खुर्ची टाकून बसणार. बाकी सगळं देवाला सांगून झालं, पण ही गोष्ट देवालाही सांगण्यासारखी नाही.

तुमचा नंबर गावच्या ग्रुपवर आहे, मी बघितला आहे. पण फोन करत नाही. तुम्ही उचलला नाहीत तर ते मला कळेल. पत्राला उत्तर नाही आलं तर पोस्टाचा घोळ झाला असं म्हणता येतं.

तुमच्या नानासोला, सुनेला आणि नातीला, साक्षीला, आशीर्वाद.

भामा


सांगली, दवाखाना
११ फेब्रुवारी, दुपार

आक्का,

काल ऑपरेशन झालं. मी जिवंत आहे.

पोस्टाची वाट बघण्याइतका धीर नाही, म्हणून आज कागदावर लिहून त्याचा फोटो तुमच्या फोनवर पाठवते. टाइप करणं मला जमत नाही, पण रोज सकाळी देवाचे फोटो पाठवून फोटोवर हात बसला आहे. एकच सांगणं, हे साक्षीकडून वाचून घेऊ नका. पोरगी काय म्हणेल! चष्मा लावा आणि स्वतः वाचा, सावकाश का होईना.

पाठीत कमरेपाशी सुई दिली, मग खालचं अंग माझं उरलंच नाही. शुद्धीवर होते. पडद्यापलीकडून ठोकल्याचे आवाज येत होते, सुतार दाराची चौकट बसवतो तसे. मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. वॉर्डात आणल्यावर बघते तर खाटेच्या कडेला एक पिशवी लोंबकळतेय, पारदर्शक, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल अशी. लघवीची नळी घातली होती. कधी घातली ते मला कळलंही नाही, अंग बधिर होतं ना. जावईबापू खुर्ची ओढून बसले, पिशवीकडं त्यांची नजर गेली आणि त्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण दुसरीही एक गोष्ट सांगते. हसू नका. प्यायची परवानगी मिळाली तसं मी पाणी मागितलं. एक पेला झाला, दुसरा मागितला, तिसरा मागितला. पाणी घशातून खाली उतरत होतं आणि आता जावं लागेल, कुठं जाऊ, कोण बघेल, हा विचारच मनात येत नव्हता. नळी आहे, आपोआप जातंय. आक्का, इतक्या वयात मी पहिल्यांदा निर्धास्त पाणी प्याले. मला रडूच कोसळलं. जावईबापूंना वाटलं गुडघा दुखतोय, ते धावत सिस्टरला घेऊन आले.

पाणी पिताना तुमची आठवण झाली. तांब्या घेऊन दिवेलागणीला ओढ्याकडच्या बांधावर जायचो ते. मी बसायची आणि तुम्ही राखणीला उभ्या. उभं राहून गप्प नाही राहायच्या, मोठमोठ्यानं बोलायच्या, म्हणजे वाटेनं कुणी पुरुष येत असेल तर त्याला लांबूनच कळावं आणि त्यानं वळावं. मग तुमची पाळी, मी उभी. घरात सासूबाईंसमोर मी तुम्हाला तुम्ही म्हणायची आणि बांधावर गेलं की तू. सगळं सुखदुःख आपण तिथंच बोललो. मग घरात संडास आला. गावात पहिला आपला. सगळे खुश, मीही खुश. पण त्यात एका वेळी एकीनंच जायचं, आतून कडी घालायची. तिथून आपलं बोलणं कमी झालं, हे तुमच्या कधी ध्यानात आलं का? पुढं वाटण्या झाल्या, संडास तुमच्या हिश्शाला गेला आणि एके दिवशी मी तांब्या घेऊन आले तर दाराला कुलूप. त्याच्या पुढचं लिहीत नाही.

नळी आज सकाळीच काढायची होती. समीक्षा म्हणून सिस्टर आहे, जतकडची, बोलायला फटकळ. ती हातमोजे घालून आली. मी म्हटलं, “माझं डोकं गरगरतंय, आज नको.” खरं तर डोकं ठीक होतं. पण नळी काढली की भांडं येणार, आणि पडद्याच्या पलीकडं कोण बसलंय? ती म्हणाली, “आजी, नळी जितकी ऱ्हाईल तितका जंतूचा धोका. उद्या सकाळी ऐकायची न्हाई म्या.” एक दिवस तरी मिळाला.

पिशवीचीही मी आता नीट व्यवस्था लावली आहे, कुणाला दिसत नाही. ती खालीच लोंबू दे असं सिस्टर सांगून गेली होती, पण तिला अजून जावई यायचा आहे, तिला काय कळणार.

वाचलंत की फोनवर दोन खुणा निळ्या होतात, एवढं मला माहीत आहे.

भामा


सांगली, दवाखाना
१२ फेब्रुवारी, दुपार टळल्यावर

आक्का,

काल खुणा निळ्या झाल्या. तू वाचलंस. उत्तर आलं नाही. ठीक आहे, राग अजून गेला नसेल. पण आज मला ताप आहे आणि मी कुणाशी बोलू ते मला कळत नाही. तुम्ही-आम्ही करायला आज अंगात त्राण नाही, म्हणून बांधावरचं तू लिहिते.

आधी पिशवीचं सांगते. हे इथं कुणालाच माहीत नाही. जावयाला दिसू नये म्हणून मी ती पिशवी हुकावरून काढली आणि वर घेतली. मांडीशेजारी ठेवली आणि वरून चादर ओढून घेतली. काल दिवसभर ती माझ्याजवळ होती, लेकरू कुशीत घ्यावं तशी. संध्याकाळी समीक्षा सिस्टरनं चादर उचलली आणि ओरडलीच. “आजी! पिशवी वर कुनी ठिवली? आतलं समदं उलटं पोटात जातंय की!” मी म्हटलं, “मला काय ठाऊक, सरकली असंल.” पिशवी आपली आपण हुकावरून सरकत वर येते का? तिनं माझ्याकडं बघितलं, पिशवी खाली अडकवली आणि तेवढ्यात तिला दुसऱ्या खोलीतून बोलावणं आलं.

आज पहाटे थंडी वाजली. सिस्टरनं बघितलं तर ताप. सकाळी डॉक्टर आले, म्हणाले ऑपरेशननंतर थोडाफार ताप येतो, बघू. आक्का, मला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण जावईबापू पायथ्याशी उभे होते, हात बांधून, शाळेत उभं राहावं तसे. त्यांच्यासमोर मी काय सांगू? तुमच्यापासून लपवायला माझी लघवी मी पांघरुणात घेतली होती, असं?

नळी सकाळीच काढली. आता इतका वेळ झाला, मला लघवी झालेली नाही. सुईचा असर ओसरला की होते म्हणतात, काहींना उशीर लागतो म्हणतात. पण मला ठाऊक आहे माझं काय ते. मला होत नाही कारण मी होऊ देत नाही. आणि आता हळूहळू असं झालंय की होऊ दे म्हटलं तरी होत नाही.

एकदा घंटा दाबून बघितली. घंटा वाजली तसे जावईबापू उठले, दारात गेले आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असे ओरडले, “मावशी, आमच्या मामींस्नी भांडं पायजे!” त्यांचा काय दोष? काळजीनंच ओरडले. वॉर्डातल्या मावशीनं भांडं सरकवलं. उताणं झोपून कधी कुणी केलंय का गं? आणि पडद्याच्या पलीकडं त्यांची खुर्ची करकरत होती. मला त्यांचा श्वास ऐकू येतो, म्हणजे त्यांनाही सगळं ऐकू जाणार. मी डोळे मिटून पडून राहिले आणि थोड्या वेळानं मावशी कोरडं भांडं घेऊन गेली.

सिस्टर म्हणते पाणी प्या. मी पेला तोंडाला लावते आणि खाली ठेवते. जावईबापू शहाळं घेऊन आले. “मामी, घ्या, गार हाय, बरं वाटंल.” शेजारच्या खाटेवर आटपाडीकडची म्हातारी आहे, तिला ऐकू येत नाही, शहाळं मात्र आवडतं. ती दोन प्याली. हाताला सलाईन चालूच आहे, त्याचं पाणी कुठं तरी साठतंय. ओटीपोट तट्ट झालंय, हात लावला की कळ येते. त्यांना जरा बाहेर जा म्हणावं तर ते म्हणतात, “राजेश्वरीनं दम दिलाय मामी, खुर्ची सोडायची न्हाई.” आणि का जाऊ असं विचारलं तर मी काय उत्तर देऊ?

मघाशी समीक्षा सिस्टरनं पोट दाबून बघितलं. म्हणाली, “दिवेलागणीपातुर वाट बघू. न्हाईच झाली तर परत नळी घालाय लागंल.” परत नळी म्हणजे परत जंतूला वाट. ताप तर आहेच. डॉक्टरांचं ते बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही, बसवलेला गुडघा परत काढायला लागतो. काढला तर मग काय गं? हाडांच्या मधे मोकळी जागा ठेवतात का? मी पुन्हा मळ्यात जाणार की या खाटेलाच खिळणार? विश्वजितचे बाबा गेल्यापासून पाटाचं पाणी मीच वळवते. ते कोण बघणार?

मला भीती वाटते, आक्का. हे मी राजेश्वरीला सांगितलं तर ती बंदोबस्त टाकून येईल आणि नोकरी घालवून बसेल. विश्वजितला सांगून उपयोग नाही. तुला सांगते कारण तू लांब आहेस, आणि तुझ्यापासून माझं लपलेलं काही नव्हतंच कधी.

उत्तर नको. वाच फक्त.

भामी


सांगली, दवाखाना
१५ फेब्रुवारी

आक्का,

फोन तू केलास, पण इकडं काय काय झालं ते तुला दिसलं नाही. म्हणून लिहिते.

त्या संध्याकाळी खिडकीतला उजेड पिवळा पडला होता. सिस्टर ट्रेमध्ये नवी नळी घेऊन आली होती, पाकीट अजून फोडलं नव्हतं. तेवढ्यात माझा फोन वाजला. जावईबापूंनी उचलला आणि त्यांचा चेहरा एकदम हवालदारासमोर उभ्या असलेल्या शिपायासारखा झाला. तू काय म्हणालीस ते मला खाटेवरून ऐकू आलं. तुझा आवाज फोनमध्ये मावत नाही, तेव्हाही कुठं बांधात मावत होता? “पाव्हणं, म्या लोनंदची थोरली मामी बोलतीया. तुमी आता खाली जावा. च्या प्या. भजी खावा. आनि म्या सांगंस्तवर वर यायचं न्हाई.” ते म्हणाले, “आवं पर राजेश्वरी...” तू म्हणालीस, “राजेश्वरीला म्या बगती. जावा.” आणि आक्का, ते गेले! इतकं सोपं होतं ते. मला मात्र दोन दिवसांत जमलं नाही.

मग तू सिस्टरला म्हणालीस, “बाई, त्या भांड्यानं हिला जलमात व्हायची न्हाई. हिला बसवा कुटंतरी.” समीक्षा सिस्टर फटकळ खरी, पण तिनं ट्रे बाजूला ठेवला. वॉकर दिला, मावशीनं काखेत धरलं आणि मला चालवत न्हाणीघरात नेलं. उंच खुर्चीचा कमोड असतो ना, त्याच्यावर बसवलं. पाय पुढं पसरलेला. फोन बेसिनवर ठेवला, स्पीकर लावून. दार लोटून घेतलं.

आणि मग तू बोलायला लागलीस.

“बस निवांत, भामे. म्या उभी हाय.”

मग तू सुरूच झालीस, मोठमोठ्यानं, जणू बांधावर आहोत आणि ओढ्यापलीकडून कुणी येतंय. म्हातारीनं आज भाकऱ्या मोजून ठेवल्यात. दह्याच्या गाडग्यावर झाकण ठेवलंय आणि झाकणावर वरवंटा. तिच्या थोरल्याला म्हणे तालुक्याला जायचंय, जाऊ दे तिकडं, चार दिवस घर निवांत. सासूबाईंना जाऊन इतकी वर्षं झाली आणि तू त्यांच्या नावानं अशी बोलत होतीस की त्या घरात चुलीपाशी बसल्यात आणि आपण परत गेलो की आपल्याला बोलणार आहेत. मला हसू आलं. हसताना पोट दुखलं. पण होईना.

मग तू आवाज खाली घेऊन म्हणालीस, “कुलपाची किल्ली चौकटीवर असायची, भामे. ह्यांनी कुलूप घातलं, म्या किल्ली वर ठिवली. तुझ्यासाठनं. तू हात वर करून कवा बगितलंस का?”

खरं की खोटं, देव जाणे. अजूनही मला वाटतं की तू ते तेव्हाच बनवून सांगितलंस, मी रडावं म्हणून. पण मी रडले. न्हाणीघरात, पाय पसरून, बेसिनवरच्या फोनकडं बघत मोठ्यानं रडले, आणि रडता रडता सुटली. सुटली ती थांबेना. मोठा आवाज झाला आणि मला त्याचं काही वाटलं नाही, कारण तू त्याहून मोठ्यानं ओरडत होतीस, “हळू गं, बांध फोडशील!”

बाहेर मावशी आणि सिस्टर दोघी हसत होत्या. सिस्टर आत आली, माप बघितलं आणि म्हणाली, “आजी, पास.” तिनं ते नळीचं पाकीट परत नेलं.

मी उठणार तेवढ्यात तू म्हणालीस, “आता पिशवीचं सांग तिला. आताच्या आता.” मला वाटलं होतं तू ते विसरलीस. मी सिस्टरला सगळं सांगितलं. ती हसायची थांबली. रागावली नाही, पण लगेच डॉक्टरांना फोन केला. ताप कशाचा ते आता त्यांना कळलं. लघवी पुन्हा तपासायला गेली, सुया सुरू झाल्या. काल कळलं, जंतू सापडला आहे, पण औषधाला दाद देणारा आहे. काल संध्याकाळपासून ताप नाही. जखम कोरडी आहे, गुडघा वाकतो. डॉक्टर म्हणाले, “आजी, हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतं. लाजेपायी गुडघा घालवला असता.” टाके काढेपर्यंत जीव टांगणीला आहे, ते काही मी लपवत नाही. रोज सकाळी उठले की आधी कपाळाला हात लावून बघते, मग गुडघ्याला.

जावईबापू भजी खाऊन वर आले तेव्हा घाबरेघुबरे झाले होते. पडद्याबाहेरूनच विचारलं, “मामी, सगळं ठीक हाय न्हवं?” मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हटलं, “झाली.” एकच शब्द, पण त्यांनाच म्हटला. ते मोठ्यानं “बरं झालं!” म्हणाले आणि मग त्यांनाच लाज वाटली. आता मी घंटा दाबली की ते आपण होऊन उठतात आणि जिन्यापर्यंत जाऊन येतात. ओरडत मात्र नाहीत. पाणी मी पिते, त्यांच्या हातून घेऊन पिते.

आता तुझ्याबद्दल.

काल साक्षीचा मेसेज आला. मी तुला बजावलं होतं, तिच्याकडून वाचून घेऊ नकोस म्हणून. तू वाचून घेतलं नाहीस, पण तिनं तुला फोन करताना बघितलं. ती लिहिते, “धाकटी आजी, आमच्या आजीचे दोन्ही गुडघे गेलेत, डॉक्टरनी केव्हाच ऑपरेशन सांगितलंय, ती ऐकत नाही. पण त्या दिवशी तुमच्याशी बोलताना ती पूर्ण वेळ दाराची चौकट धरून उभी होती. मी खुर्ची आणली तर मला ढकललं. म्हणाली, राखणीला बसून चालत नाही.”

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. फोनवर तू उभी आहेस की बसलीस, मला काय दिसणार होतं? तू उभी राहिलीस. दुखऱ्या गुडघ्यांवर, लोणंदला, माझ्यासाठी, तेवढा सगळा वेळ.

का ऐकत नाहीस ते मला माहीत आहे. नळी, भांडं, सून कामावर, सोबतीला नानासो. तेच ना? तुझं आणि माझं दुखणं कधी वेगळं होतं? तर ऐक. डॉक्टर म्हणतात तीन महिन्यांनी मी काठीशिवाय चालेन. तेव्हा तुझी तारीख घे. नानासोला म्हणावं, तुम्ही खाली जाऊन चहा प्या, भजी खा. पिशवी खाली लोंबू दे, कुणी का बघेना. आणि आजपासून पाणी पीत जा, दिवसाउजेडी, पोटभर. कुणाची वाट बघू नकोस.

मी येते. आता मला उभं राहता येतं.

तुझी
भामी